वाट उघडली, वाट बुजली: आरोनियन–आनंद, २०१३ हा डाव पट मांडून कसा वाचायचा

पांढऱ्याकडून लेव्हॉन आरोनियन, काळ्याकडून विश्वनाथन आनंद. जानेवारी २०१३, नेदरलँड्समधलं वाइक आन झी हे समुद्रकाठचं गाव, टाटा स्टील स्पर्धेची चौथी फेरी. आनंद तेव्हा जगज्जेता होता. २३ चालींत पांढऱ्याने डाव सोडला.

यूट्यूबवर हा डाव दहा-पंधरा मिनिटांत बघून होतो आणि मुलुंड ते ठाणे एवढ्या अंतरात विसरलाही जातो. पटावर मांडून, हाताने मोहरे हलवून वाचायला दोन संध्याकाळी लागतात. हा लेख त्या दोन संध्याकाळींसाठी आहे. मोहरे कसे चालतात, शह आणि मात म्हणजे काय, कॅसलिंग कसं करतात, एवढं येत असलं की पुरे.

डावभर एकच प्रश्न धरून ठेवायचा: या चालीने कुठली वाट उघडली आणि कुठली बुजली? नवखा माणूस मोहरा कुठे जाऊन बसला ते बघतो. तो जिथून उठला त्या घराकडे त्याचं लक्ष जात नाही, आणि या डावात पांढऱ्याचा घात झाला तो उठलेल्या घरांमुळेच.

आधी पट

गुंडाळून ठेवता येणारा व्हिनाइलचा पट घ्या. घर ५ ते ६ सेंमी, राजा साधारण ९.५ सेंमी उंच, हे स्पर्धेचं माप. कडा धरून पट जेमतेम ५० सेंमी चौरस होतो, म्हणजे नौपाड्यातल्या जुन्या वन-रूम-किचनमध्येही चटईवर सहज पसरतो. संगमरवरी किंवा काचेचे शोभेचे संच अभ्यासाला निरुपयोगी. त्यातला उंट आणि प्यादं वरून सारखंच दिसतं, आणि तिसऱ्याच पर्यायात गल्लत होते.

शक्य असेल तर जोडीला एक छोटा चुंबकी पटही ठेवा. मोठ्या पटावर फक्त प्रत्यक्ष डाव चालेल. 'असं केलं असतं तर' हे सगळं छोट्या पटावर. एकाच पटावर दोन्ही करणाऱ्यांची नेहमीची फजिती ठरलेली: पर्याय तपासून परत येताना एक प्यादं चुकीच्या घरावर बसतं, आणि पाच चालींनंतर 'इथे घोडा कसा काय आला?' असं होऊन बसतं. दुसरा पट नसेल तर पर्यायात शिरण्याआधी मोबाईलवर पटाचा फोटो काढून ठेवा.

मांडताना दोनच गोष्टी तपासा. उजव्या हाताच्या कोपऱ्यातलं घर पांढरं हवं, आणि वजीर आपापल्या रंगाच्या घरावर हवा. आजोबांकडून देशी पद्धतीने शिकलेल्यांनी जरा सावध राहावं: तिथे बहुतेक ठिकाणी प्यादं पहिल्या चालीत दोन घरं जात नाही आणि कॅसलिंगऐवजी राजाला एकदा घोड्याची उडी असते. इथले नियम आंतरराष्ट्रीय आहेत.

चाली वाचायची पद्धत अशी. पांढऱ्याच्या बाजूने बसलं की उभ्या रांगा डावीकडून ए ते एच, आडव्या रांगा आपल्याकडून १ ते ८. नुसतं घर लिहिलं असेल (डी४) तर चाल प्याद्याची. × म्हणजे मारलं, + म्हणजे शह. आकड्यानंतर तीन टिंबं असली (१३...) तर ती चाल काळ्याची. इंग्रजी स्कोअरशीट वाचायची वेळ आली तर लक्षात ठेवा की के हे अक्षर राजाने घेतल्यामुळे घोड्याला एन मिळालं. नवख्यांची निम्मी गडबड या एका अक्षरात होते.

पहिल्या अकरा चाली: सामान लावून घेणं

१. डी४, डी५ २. सी४, सी६ ३. घोडा एफ३, घोडा एफ६ ४. घोडा सी३, ई६ ५. ई३, घोडा बी-डी७

पाचव्या चालीतल्या 'बी-डी७'कडे बघा. एफ६चा घोडाही डी७ला जाऊ शकतो, म्हणून कुठला घोडा ते अक्षराने सांगितलं आहे. बी८चा घोडा उचला.

६. उंट डी३, डी×सी४ ७. उंट×सी४, बी५ ८. उंट डी३, उंट डी६

काळ्याने सी४चं प्यादं चौथ्या किंवा पाचव्या चालीतच मारलं असतं तर पांढऱ्याचा उंट एफ१वरून एका दमात सी४ला आला असता. तो डी३ला बसेपर्यंत काळा थांबला. आता मोजा: डी३, सी४, पुन्हा डी३. तीन चाली खर्चून उंट होता तिथेच, आणि काळ्याला बी५ हे प्यादं फुकटात पुढे मिळालं. या मांडणीला मेरान म्हणतात. इटलीतल्या मेरान गावी १९२४ साली झालेल्या स्पर्धेवरून हे नाव पडलं. आनंदला ती चांगलीच मानवते: २००८ साली बॉनच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत त्याने क्रामनिकविरुद्ध तिसरा आणि पाचवा डाव काळ्याकडून जिंकला, तेही मेरान खेळूनच.

९. कॅसलिंग, कॅसलिंग १०. वजीर सी२, उंट बी७ ११. ए३, हत्ती सी८

इथे थांबा आणि पट जुळतोय का बघा. पांढरा: राजा जी१, वजीर सी२, हत्ती ए१ आणि एफ१, उंट सी१ आणि डी३, घोडे सी३ आणि एफ३, प्यादी ए३, बी२, डी४, ई३, एफ२, जी२, एच२. काळा: राजा जी८, वजीर डी८, हत्ती सी८ आणि एफ८, उंट बी७ आणि डी६, घोडे डी७ आणि एफ६, प्यादी ए७, बी५, सी६, ई६, एफ७, जी७, एच७. दोघांची सात-सात प्यादी. एक जरी कमी-जास्त असेल तर पहिल्यापासून मांडा. अंदाजाने दुरुस्त करू नका.

आता बी७चा उंट बघा. त्याच्या नाकासमोर स्वतःचंच सी६चं प्यादं. सी८चा हत्तीही त्याच प्याद्यामागे उभा. दोघेही स्टेशनबाहेरच्या रिक्षांच्या रांगेत अडकल्यासारखे. पण ते प्यादं एक घर पुढे सरकलं की दोघांची वाट एकदम मोकळी होणार. पांढऱ्याकडचा वजीर आणि डी३चा उंट एकाच तिरक्या रेषेत एच७वर रोखलेले आहेत.

बारावी चाल: एक घोडा उठतो

१२. घोडा जी५, सी५

पांढऱ्याला एच७चं प्यादं हवंय. त्यावर घोडा, उंट आणि उंटामागून वजीर असे तिघे. राखायला एफ६चा घोडा आणि राजा. नवख्याचा हात इथे एच७ वाचवण्याकडे जातो. आनंद ते प्यादं देऊन टाकतो आणि मधल्या भागात फटका मारतो.

आता कागद घ्या आणि एफ३वरून घोडा उठल्यामुळे कोणकोणती घरं उघडी पडली ते लिहा. घोडा तिथून आठ घरं बघत होता. त्यातली चार या डावात कळीची: एच२, एच४, ई५ आणि डी४. राजासमोरचं एच२ आता एकट्या राजाच्या भरवशावर. एच४ला वजीर आला तर हाकलायला कुणी नाही. ई५ आणि डी४चं काय होतं ते सोळाव्या चालीपासून दिसेल. शिवाय एफ३ हे घर स्वतः बी७च्या उंटाच्या वाटेत होतं. पांढऱ्याने तिथला अडसर काढला, काळ्याने सी५ खेळून सी६चा काढला, आणि बी७पासून जी२पर्यंत पूर्ण तिरकी रेघ मोकळी झाली. दोन्ही अडसर एकाच चालीच्या जोडीत निघाले. हा कागद जपून ठेवा. डाव संपल्यावर परत काढायचा आहे.

१३. घोडा×एच७, घोडा जी४

१३...घोडा×एच७ १४. उंट×एच७+ राजा एच८ असं झालं तर पांढरा एका प्याद्याने पुढे आणि निवांत. आनंदचा घोडा मात्र जी४ला जातो. तो एफ६वरून उठला, पांढऱ्याचा जी५वरून उठला. डी८ ते एच४ ही काळ्या वजिराची तिरकी वाट पूर्ण रिकामी झाली. धमकी साधी आहे: उंट×एच२+.

पण पांढऱ्याच्या घोड्याला एफ८चा हत्ती फुकट मिळतोय ना? छोटा पट घ्या. १४. घोडा×एफ८ उंट×एच२+ १५. राजा एच१ वजीर एच४. आता काळ्याचा उंट एच२वरून जी३ला गेला की मागून वजिराचा उघडा शह बसतो, राजा जी१ला जातो, आणि वजीर एच२वर मात. १६. जी३ खेळून उंटाची वाट अडवता येईल असं वाटतं, पण तशी चालच करता येत नाही: जी२चं प्यादं हललं की बी७च्या उंटासमोर एच१चा राजा उघडा पडतो. प्यादं जखडलेलं आहे. ही जखड अजून दोनदा कामाला येणार आहे.

चौदा ते पंधरा: एक दार लावलं, दुसरं उघडलं

१४. एफ४, सी×डी४ १५. ई×डी४, उंट सी५

एफ४ने डी६ ते एच२ ही तिरकी वाट बंद केली. मात्र एफ२चं प्यादं उठल्यामुळे जी१ ते ए७ ही दुसरी तिरकी उघडी पडायला लागली. ई३चं प्यादं डी४ला ओढलं गेलं आणि तीवर आता एकच अडसर उरला, डी४चं प्यादं. काळ्याचा उंट अडलेली वाट सोडून या नव्या वाटेवर येऊन बसला.

इथे मोहऱ्यांची किंमत मोजणारा गोंधळतो. सी५चा उंट डी४च्या प्याद्याने मारता येतो. एफ८चा हत्ती एच७च्या घोड्याने मारता येतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं पांढऱ्याचं झालंय. १६. डी×सी५ घोडा×सी५ झालं की डी३च्या उंटावर घोडा आणि वजीर दोघांचा मारा येतो (डी७ रिकामं झालं, डी रांग उघडली), आणि वरून वजीर डी४+ आहेच. हा पर्याय इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्रॅम) न लावता निदान चार चाली पुढे नेऊन बघा. चुकलं तरी हरकत नाही. काय हिशेब केला तो लिहून ठेवा, म्हणजे नंतर चूक नेमकी कुठे झाली ते सापडेल.

ठाणेकरांना डी४ची जागा पटकन समजेल: तो या डावातला तीन हात नाका आहे. डी८वरून वजीर सरळ खाली तिथे येतो, सी५वरून उंट तिरका तिथे येतो, आणि तिथून पुढे रस्ता थेट जी१च्या राजाकडे. नाक्यावर सध्या एक प्यादं ट्रॅफिक हवालदारासारखं उभं आहे.

सोळावी चाल: इथे अर्धा तास द्या

१६. उंट ई२, घोडा डी-ई५

पांढऱ्याने जी४च्या घोड्यावर मारा केला. चाल समंजस दिसते. पण ई२ला बसलेल्या उंटाने स्वतःच्याच वजिराची दुसरी आडवी रांग बुजवली: सी२चा वजीर आता एफ२, जी२, एच२ यांपैकी कुठेच पोहोचत नाही. हे अजून कुणाला खुपत नाहीये. दोन मिनिटांत खुपेल.

काळ्याची चाल लिहिताना 'डी' का, ते बघा. जी४चा घोडाही ई५ला जाऊ शकतो. इथे बरेच जण चुकीचा घोडा उचलतात आणि मग पुढचं काहीच जुळत नाही. डी७चा उचला.

घोडा सरळ मारात जाऊन बसलाय. मग कोण मारणार? डी४च्या प्याद्याला तो तिरका समोर दिसतो, पण त्याला हलता येत नाही: सी५चा उंट, डी४चं प्यादं, जी१चा राजा एका रेषेत आहेत. हे प्यादं फक्त त्या रेषेवरच मारू शकतं, म्हणजे सी५चा उंट. ई५वर नाही. हे स्वतः पटावर बोट फिरवून बघा. स्क्रीनवर बघणाऱ्यांच्या हे हमखास सुटतं, कारण ॲप बेकायदा चाल करूच देत नाही आणि का देत नाही ते सांगत नाही.

उरलं एफ४चं प्यादं. १७. एफ×ई५ वजीर×डी४+ १८. राजा एच१ वजीर जी१+. वजीर चक्क राजाच्या शेजारी. राजा त्याला मारू शकत नाही, कारण सी५च्या उंटाचा त्याला आधार आहे (वजीर डी४वरून उठला, वाट मोकळी). १९. हत्ती×जी१ हे एकच उत्तर, आणि मग १९...घोडा एफ२ मात. राजाभोवती जी१वर स्वतःचा हत्ती, जी२ आणि एच२वर स्वतःची प्यादी. श्वास घ्यायला एक घर नाही. आणि एफ२चा घोडा मारायला वजीर का येत नाही? वाटेत ई२चा उंट बसलाय. तो डी३लाच असता तर वजिराने घोडा खाल्ला असता आणि मात झालीच नसती.

ही गुदमरवून केलेली मात पाच वेळा मांडा. पहिल्या तीन वेळा बघून, शेवटच्या दोन वेळा न बघता.

१७. डी×सी५चाही विचार करावा लागतो. तेव्हा वजीर डी४+ १८. राजा एच१ घोडा एफ२+. राजा जी१ला परत आला तर घोडा एच३ हा दुहेरी शह, घोडा आणि वजीर दोघांचा, म्हणून एच३चा घोडा मारून भागत नाही. २०. राजा एच१ वजीर जी१+ २१. हत्ती×जी१ घोडा एफ२ मात. म्हणून १९. हत्ती×एफ२ एवढाच मार्ग, आणि वजीर×एफ२ नंतर जी२वर मातेची धमकी. ती धमकी कोण टिकवून धरतंय? बी७चा उंट.

सतरा ते एकोणीस: हत्ती पडू दिला

१७. उंट×जी४, उंट×डी४+ १८. राजा एच१, घोडा×जी४ १९. घोडा×एफ८, एफ५

आरोनियनने त्यातल्या त्यात बरं निवडलं: निदान एक घोडा तरी पटावरून गेला. पण नाक्यावर आता काळा उंट उभा आहे आणि जी१ हे घर त्याच्या ताब्यात. पांढऱ्याचा राजा एच१ला कोंडला गेला.

एकोणिसाव्या चालीनंतर पट तपासा. पांढरा: राजा एच१, वजीर सी२, हत्ती ए१ आणि एफ१, उंट सी१, घोडे सी३ आणि एफ८, प्यादी ए३, बी२, एफ४, जी२, एच२. काळा: राजा जी८, वजीर डी८, हत्ती सी८, उंट बी७ आणि डी४, घोडा जी४, प्यादी ए७, बी५, ई६, एफ५, जी७. पांढरा पूर्ण एका हत्तीने पुढे आहे. तरीही ए१चा हत्ती आणि सी१चा उंट यांच्याकडे बघा: दोघे अजून जागचे हलले नाहीत, आणि डाव संपेपर्यंत हलणारही नाहीत. घरात माणसं भरपूर, पण कामाला कुणीच नाही, अशी पांढऱ्याची गत.

एफ५ ही डावातली सगळ्यात शांत आणि कदाचित सगळ्यात अवघड चाल. शह नाही, मारामारी नाही, एफ८चा घोडाही तसाच सोडला. धमकी आहे वजीर एच४ आणि मग एच२वर मात. मग १९...वजीर एच४ लगेच का नको? कारण २०. वजीर एच७+. पांढऱ्या वजिराला एफ८च्या घोड्याचा आधार आहे, त्यामुळे राजा त्याला मारू शकत नाही. वजीर×एच७ केलं की घोडा×एच७, वजिरावजिरी झाली आणि हल्ला विझला. राजाने घोडा मारला तर एच४चा वजीर जातो. एफ५ने सी२ ते एच७ ही पांढऱ्या वजिराची तिरकी कायमची बुजवली. आता एच४ला जायला कसलीच भीती नाही.

हल्ला करताना नवखे बहुतेक वेळा इथेच फसतात. मातेचा वास आला की शह देत सुटतात आणि समोरच्याची एकुलती एक वाट बंद करायची राहून जाते. आपल्या चालींच्या डायरीत 'समोरच्याचा एकच चांगला शह कुठला?' असा रकाना आखून घ्या.

वीस ते तेवीस: शेवटचं दार

२०. घोडा जी६, वजीर एफ६ २१. एच३, वजीर×जी६ २२. वजीर ई२, वजीर एच५ २३. वजीर डी३, उंट ई३. पांढऱ्याने डाव सोडला.

घोडा जी६ला गेला तो एच४ राखायला. वजिराने एफ६वरून त्यालाच धरलं. तो हलला की एच४ पुन्हा मोकळं. एच३ने जी४च्या घोड्याला हात घातला, पण वजीर×जी६ नंतर २२. एच×जी४ केलं तर एच रांग उघडते आणि वजीर एच६वर येऊन मात: जी१ उंटाकडे, एच२ वजिराकडे, मध्ये आडवं पडायला कुणी नाही. इथे मोजा: पांढऱ्याकडे एक हत्ती जास्त, काळ्याकडे त्याच्या बदल्यात एक उंट जास्त. कागदावर अजूनही पांढराच पुढे.

वजीर एच५नंतर दोन प्यादी एकाच वेळी जखडली आहेत, आणि हे चित्र नीट बघून घ्या. एच३चं प्यादं हललं तर एच५च्या वजिराचा राजाला शह, म्हणून ते जी४चा घोडा मारू शकत नाही. जी२चं प्यादं हललं तर बी७च्या उंटाचा शह, म्हणून वजीर×एच३ झाल्यावर ते वजिराला मारू शकत नाही. धमकी म्हणजे सरळ एच३वर मात. २३. वजीर×ई६+ असा शह देता येतो खरा, पण राजा एच७ला सरकतो आणि धमकी जागच्या जागी.

२३. वजीर डी३ने तिसऱ्या आडव्या रांगेतून एच३ राखलं आणि डी४च्या उंटावर माराही केला. एका चालीत दोन कामं. उत्तर उंट ई३: उंट मारातून निघाला, बरोब्बर त्या तिसऱ्या रांगेत आडवा बसला, आणि ई३वरूनही जी१ त्याच्याच ताब्यात राहिलं. २४. वजीर×ई३ घोडा×ई३ म्हणजे वजीर गेला. २४. उंट×ई३ केलं तर आता पांढऱ्याचाच उंट वजिराची वाट अडवतो: वजीर×एच३+ २५. राजा जी१ वजीर×जी२ मात. आधार पुन्हा बी७चा.

आता बाराव्या चालीचा कागद काढा. एच२, एच४, ई५, डी४ या प्रत्येक घरासमोर त्याचा उपयोग झाला तो चालीचा आकडा लिहा, धमकी असली तरी चालेल. एकही घर कोरं राहू नये.

इंजिन कधी लावायचं

तिसऱ्या दिवशी. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर डाव फुकट टाकता येतो आणि तिथलं स्टॉकफिश हे इंजिन कोण किती पुढे आहे याचा चालीगणिक आकडा दाखवतं. आकडा उडी मारतो ती चाल तुमच्या वहीतल्या हिशेबाशी ताडून बघा. बाकीच्या आकड्यांवर वेळ घालवू नका. इंजिन 'काय' ते सांगतं, जी२चं प्यादं का हललं नाही ते सांगत नाही.

आणखी एक गोष्ट, नाहीतर नवख्यांचा उगाच धीर सुटतो: यातला बराचसा भाग आनंदने पटावर बसल्या बसल्या शोधलेला नाही. मे २०१२मध्ये मॉस्कोत गेलफांडविरुद्ध जगज्जेतेपदाची लढत झाली, तिच्यासाठी त्याच्या चमूने केलेली ही तयारी होती. तिथे वापरायची वेळ आली नाही, ती इथे कामाला आली. त्याहून जुना धागाही आहे. १९०७ साली लोद्झ इथे रोटलेवीविरुद्ध रुबिनस्टाइनने काळ्याकडून असाच हल्ला चढवला होता: एक उंट बी७ला, दुसरा जी१च्या तिरकीवर, घोडा जी४ला, वजीर एच४ला. दोन्ही डाव शेजारी मांडले तर नातं लगेच दिसतं. पुढची संध्याकाळ त्यालाच द्या.

नोकरीसाठी रोज ठाण्याहून वाशीला ट्रान्स-हार्बरने जाणाऱ्यांना पटाशिवायचा सराव आयताच आहे. गाडी सुटली की डोळे मिटून सोळाव्या चालीची स्थिती मनात उभी करा. ऐरोलीपर्यंत दोन्ही राजे, वजीर आणि काळ्याचे दोन उंट आपापल्या घरांवर दिसले पाहिजेत. रबाळेपर्यंत जखडलेलं प्यादं शोधा. घणसोलीपर्यंत गुदमरवून केलेली मात पूर्ण म्हणून दाखवा, मनातल्या मनात. कोपरखैरणे ते तुर्भे हा एफ५चा टप्पा: वजीर एच७+ कसा होता आणि कसा बंद झाला. एखादं घर धूसर झालं तर मोबाईल काढू नका, बाराव्या चालीपासून परत या. सानपाडा आलं की पट मनातच मिटवा; वाशीला उतरणारे आधीच दाराशी उभे असतात.